अचियेंग हे नाव कुणाचं?

आत्या, तू गेलीस त्याच्या आधीच्या रविवारी मी तुला खोटारडी म्हणाले. मोठ्यानं नाही. मी मोठ्यानं काहीच म्हणत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? माठातलं पाणी घेताना, पाठमोरी, पेल्यात बोलल्यासारखं म्हणाले. तुला ऐकू गेलं. तू मेथी निवडत होतीस. तुझे हात थांबले आणि लगेच पुन्हा चालू झाले. गुरुवारी सकाळी पप्पांचा फोन आला. मधल्या तीन दिवसांत रोज मी तुला फोन करणार होते.

भांडण माझ्या नावावरून होतं. तू ठेवलेल्या नावावरून. अचियेंग.

नगर जिल्ह्यात या नावाची मी एकटीच असावे. शाळेत नवीन मिस आल्या की हजेरी घेताना एका मुलीनंतर थांबायच्या. त्या थांबण्यावरूनच मला कळायचं की आता मी. मग सगळा वर्ग माझ्याकडे वळायचा. पुढे कॉलेजात, मग एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये, बँकेत, दवाखान्यात तेच. लोक आधी थांबतात, मग माझ्या केसांकडे आणि रंगाकडे एकदा बघून घेतात, आणि मग तीन प्रश्न विचारतात. कुठलं नाव? अर्थ काय? कुणी ठेवलं? खोलीत शिरताना कुणी आपल्याकडे बघू नये असं जिला वाटतं, तिच्या गळ्यात तू ही घंटा बांधलीस.

उत्तरंही तूच शिकवलेली होतीस. केनियातलं. भर दुपारी जन्मलेली मुलगी. आत्यानं.

आतोबा, म्हणजे तुझे मिस्टर, साखर कारखान्यात पॅनमन होते. उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि साखरेनं दाणा धरला की नाही ते नजरेनं ओळखायचं, हे त्यांचं काम. त्या नजरेला तिकडे मागणी होती, म्हणून देवळाली प्रवरेतून उठून तुम्ही दोघं पश्चिम केनियात, एका मोठ्या सरोवराकाठी गेलात आणि सात वर्षं राहिलात. तिथेही ऊसच. फक्त तो दीड-दोन वर्षं शेतात उभा असतो, हे तू इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला न विचारता सांगायचीस. परत आलीस ती मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून भाजीशी खायची सवय घेऊन, आणि ‘पोले’ हा शब्द घेऊन. कुणाला ठेच लागली, ताप आला, कुणी परीक्षेत नापास झालं की तू म्हणायचीस, “पोले, पोले.” वाईट वाटलं, असा त्याचा अर्थ. पण तू म्हटल्यावर त्यात कपाळावर हात ठेवल्यासारखं काहीतरी असायचं.

मी लहान असताना तू मला तिकडच्या बायकांसारखी पाठीला बांधून बाजारात न्यायचीस. आई सांगते, भाजीवाल्या तुला चिडवायच्या.

“काय गं शालन, माकडीन झालीस का?”

“व्हय. अन् तू झाड. सरक जरा, चढू दे.”

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब नाव ऐकून म्हणाले होते, “हे शास्त्रात कुठं नाही, शालनबाई.” तू म्हणालीस, “शालन तरी कुटं हाय शास्त्रात? तुमच्या वडलांनी मला पानी लावलंच की.” मंडळीत अजून हे सांगतात. तुझ्या दफनाच्या वेळीसुद्धा दोन म्हाताऱ्या हे एकमेकींना सांगून हसल्या आणि मग हसलो म्हणून रडल्या.

आठवीत मी कॉम्प्युटर लॅबमध्ये माझं नाव शोधलं होतं. बाळांच्या नावांची एक वेबसाइट होती. उगम, लुओ लोकांची भाषा, पश्चिम केनिया. अर्थ, सूर्य माथ्यावर असताना जन्मलेली. आणि ‘लोकप्रियता’ या मथळ्याखाली लिहिलं होतं की केनियात अतिशय प्रचलित, बाहेर दुर्मीळ. मी ते ‘अतिशय प्रचलित’ किती वेळ बघत बसले होते! त्या शनिवारी येऊन तुला विचारलं, “आत्या, तिकडे खूप मुलींचं नाव असतं का गं हे?”

“लई. चर्चमधी अचियेंग म्हनून हाक मारली की पाच बाया मागं बघायच्या. आपल्याकडं मंगल म्हना, तसं.”

मग तू सगळी नावं सांगितलीस. सकाळी झालेली अकिनी, रात्रीची अतियेनो, पाऊस चालू असताना झालेली अकोथ. सुरुवातीला अ लागला की मुलगी, ओ लागला की मुलगा. मी मुलगा असते तर ओचियेंग. “तिकडं नाव इचारलं की जन्मयेळ आपोआप कळती,” तू म्हणालीस. मला मात्र एवढंच दिसत होतं की जगात एक देश असा आहे जिथे माझं नाव घेतल्यावर कुणीही थांबणार नाही. हजेरी सरळ पुढे जाईल. मी त्या पाच बायांमधली एक असेन. पुढे किती तरी वर्षं झोपण्याआधी मी त्या चर्चमध्ये जाऊन बसत असे, मागच्या बाकावर.

पण राहायचं नगरमध्ये होतं.

पुण्याच्या एका कंपनीत निवड झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी ठरवलं की तिथे नव्या नावानं जायचं. राजपत्रात नाव बदलायचा अर्ज ऑनलाइन असतो. नवं नाव निवडलं, अर्पणा. अ तसाच राहिला, आणि कुणी काही विचारणार नाही. प्रतिज्ञापत्र करून घेतलं. अर्ज भरला. शेवटचं बटण दाबायच्या आधी तुला सांगायला हवं, असं वाटलं. आणि कागद गोळा करताना पप्पांच्या फायलीत माझ्या जन्माच्या वेळचं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सापडलं.

जन्मवेळ, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं.

मी ते कार्ड खिडकीशी नेऊन पुन्हा वाचलं. आपल्या ख्रिस्ती घरात पत्रिका करत नाहीत. त्यामुळे कोण किती वाजता झालं ते कुणी लक्षात ठेवत नाही. तू दुपार म्हणालीस, सगळ्यांनी दुपार मानली. पंचवीस वर्षं मी परक्या माणसांना माझी जन्मवेळ सांगत आले होते, लाजत, खाली बघत, आणि ती चुकीची होती. जे नाव मला नको होतं, ते निदान माझं आहे असं तरी मला वाटायचं. आता तेही राहिलं नाही.

रविवारी चर्चनंतर मी तुझ्याकडे आले. कार्ड तुझ्यापुढे ठेवलं. तू चष्मा न लावताच त्याच्याकडे बघितलंस.

“सहा चाळीस, आत्या.”

“घड्याळ बंद असंल तिथलं.”

“आत्या.”

“बरं, सहा चाळीस. मग?”

“मग माझं नाव चुकीचं आहे. मी बदलतेय. अर्ज तयार आहे.”

तू मेथीची जुडी सोडलीस. “बदल की. नगरचं बदललं, तुझं का न्हाई? अहिल्यानगर झालं एस्टीच्या पाटीवर. कंडक्टर अजून नगर, नगर म्हनूनच वरडतोय.”

“मी चेष्टा करत नाहीये. तू दुपार का म्हणालीस?”

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता सांगशील. काहीतरी तुझ्या तोंडापर्यंत आलं होतं, मी ते पाहिलं. मग तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, “बदलायचं तर खुशाल बदल, पोरी. नावाचं काम कवाच झालंय.”

मला वाटलं, तू मला उडवून लावतेयस. मी माठाकडे गेले. आणि मग ते म्हणाले.

निघताना तू मेथीची एक जुडी पिशवीत घालून दिलीस. मी घेतली. नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

तुला पुरून आल्यावर तुझं घर माणसांनी भरलं होतं. आई तुझ्या स्वयंपाकघरात कप विसळत होती. मी ओल्या कपांना फडकं मारत होते. बाहेर कुणीतरी गीत धरलं होतं. मला आईला सांगायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

“मी तिला खोटारडी म्हणाले, आई. शेवटचं तेच बोलले.”

आईनं नळ बंद केला. “कशावरून?”

मी कार्डाचं सांगितलं. आईनं हातातला कप ओट्यावर उपडा ठेवला. मग म्हणाली, “खोटं बोलत होत्याच वन्सं. माझ्यासाठी बोलत होत्या.”

आत्या, आईनं मला जे सांगितलं ते तुला ठाऊकच आहे. तरी मी लिहितेय. ते माझ्या अक्षरात कुठेतरी असावं.

मी आठव्या महिन्यात झाले. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत मी दूध ओढलं नव्हतं, नुसती रडत होते. आईचं ऑपरेशन झालेलं, तिला उठता येत नव्हतं, पण मधलं दार उघडं होतं आणि तिला तू दिसत होतीस, पेटीजवळ स्टुलावर. सकाळची वेळ. तू हळू आवाजात काहीतरी म्हणत होतीस.

“मला वाटलं प्रार्थना करतायत,” आई म्हणाली. “मग ऐकलं तर नावं. सोनाबाई, म्हणजे तुझी पणजी. मग थोडं थांबायचं, तुझ्याकडे बघायचं. मार्था, म्हणजे माझ्या सासूबाई. परत थांबायचं. मग गेलेल्या मावश्या, चुलत्या. सगळ्या मेलेल्या बायका. मी घाबरले गं. म्हटलं, माझ्या पोरीवर हे काय चालवलंय? हाक मारावी तर पोटातून आवाज निघेना. आपल्या घरातली नावं संपली. वन्सं गप्प बसल्या. आणि मग म्हणाल्या, अचियेंग.”

“आणि?”

“तू थांबलीस.”

“लगेच?”

“नळ बंद करावा तशी. सिस्टर पळत आली. रडणं बंद झालं ना, तिला वाटलं पोर गेली.”

मी गेले नव्हते. डोळे उघडे होते. तासाभरानं मी वाटी-चमच्यानं दूध घेतलं.

मग तू आईच्या खाटेशी येऊन बसलीस आणि तिला तुझं सांगितलंस. जे आमच्या घरात मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. तुला तिकडे मुलगी झाली होती. सहा दिवसांची होऊन गेली. ती रडायची थांबत नव्हती, तेव्हा शेजारची एक बाई रोज येऊन तिच्यापाशी बसायची. अचियेंग. कारखान्याच्या दवाखान्यात झाडलोट करायची, आणि रविवारी चर्चमध्ये तुझ्याच बाकावर बसायची. तिच्या लोकांत मूल रडायचं थांबेना की घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावावर ते थांबेल, ते त्याचं नाव. ते माणूस त्याला सांभाळायला आलं, असं मानतात. अचियेंगनं तुझ्याकडून आपल्या घरातली नावं विचारून घेतली होती. ती सोनाबाई म्हणायची, मार्था म्हणायची, तिच्या उच्चारात. मग स्वतःच्या घरातली घेतली. तुझ्या मुलीनं एकही धरलं नाही.

ती गेल्यावर अचियेंग तुला म्हणाली होती, “माझं नाव द्यायचं राहिलं. पण मी जिवंत आहे, जिवंत माणसाचं आम्ही देत नाही. मी मेले की ते तुझं. तुमच्या घरात कुणी असं रडलं तर मला बोलाव.”

तुम्ही परत आलात. दोन वर्षांनी तिच्या मुलाचं पत्र आलं की आई गेली. त्यानंतर चार महिन्यांनी मी झाले.

“मी त्यांचा हात धरला,” आई म्हणाली, “आणि म्हणाले, वन्सं, नाव हेच ठेवू, पण कुठून आलं ते कुणाला सांगू नका. मेलेल्या बाईचं नाव आहे म्हटलं तर पोरीकडे लोक कसे बघतील? मंडळीत काय म्हणतील? तिला तर कधीच सांगू नका, ती भिईल. तर म्हणाल्या, मग काय सांगायचं? मी म्हटलं, अर्थ काय आहे? म्हणाल्या, दुपारी झालेली. मी म्हटलं, मग दुपारी झाली.”

“आई, ती रविवारी मला सांगू शकली असती.”

“त्यांनी मला शब्द दिला होता.”

एवढं बोलून आईनं पुन्हा नळ सोडला. कप केव्हाच स्वच्छ झाले होते.

आत्या, मी लॅबमध्ये काम करते. दिवसभर नमुने तपासते. एकदा आलेला आकडा पुन्हा येतो का, ते बघितल्याशिवाय सही करत नाही. तीन दिवस रडलेलं बाळ दमून थांबू शकतं, हे मला कळतं. तू अजून दहा नावं घेतली असतीस तर कदाचित अकराव्यावर थांबले असते. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. आणि तरी गेले नऊ दिवस मी रोज त्या स्टुलाकडे बघतेय, जे मी कधी पाहिलेलंच नाही. ज्या यादीनं तुझ्या स्वतःच्या मुलीला काही दिलं नाही, तीच यादी तू दुसऱ्याच्या मुलीशेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलीस. सोनाबाई म्हणताना तुला काय वाटलं असेल? मार्था म्हणताना? प्रत्येक नावानंतर थांबून वाट बघताना?

आणि ती दुसरी. जिला मी पाहिलेलं नाही, जिचा फोटोसुद्धा नाही. इतक्या लांबच्या एका सरोवराकाठी कुणी एक बाई आपलं नाव राखून ठेवते, शेजारणीच्या घरात पुढे कधीतरी होणाऱ्या बाळासाठी. मी ते नाव खोडून टाकायला स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं होतं.

मला तुला विचारायचं होतं, तू मला ती समजायचीस का? मी आठ वर्षांची असताना तू माझ्या ताटात मुळा धरणाचा मासा वाढलास आणि समोर बसून बघत राहिलीस. मी वासानंच तोंड फिरवलं. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. “ती तर माशाबिगर जेवायची न्हाई,” म्हणालीस. मी विचारलं, “कोण ती?” तू म्हणालीस, “हुती एक.” आणि माझ्या ताटातला मासा उचलून स्वतः खाल्लास. म्हणजे तू एकदा तपासून पाहिलंस. मी ती नाही, हे तुला कळलं, आणि तुला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. त्यानंतर माझ्यासाठी वेगळं पिठलं व्हायला लागलं.

चर्चमध्ये तुझा आवाज सगळ्यांत वर असायचा. तो देव आणि ही नावांची यादी, दोन्ही तू एकाच मनात कशी ठेवलीस, हेही विचारायचं राहिलं. तुला कदाचित त्यात काही अडचण दिसलीच नसेल. आणि तुझ्या मुलीला शेवटी काही नाव मिळालं का? कबरीवर काय लिहिलं? आईला माहीत नाही. पप्पांना मी विचारलं, ते उठून अंगणात गेले.

माफी मागायची राहिली, ती इथे मागते. खोटारडी हा शब्द मी परत घेते. तू अंगावर घेतलेलं खोटं पंचवीस वर्षं एकटीनं सांभाळलंस आणि त्याबद्दल माझ्याकडून शिवी खाल्लीस, पण आईकडे बोट दाखवलं नाहीस. मेथी निवडत राहिलीस. मला अजून कुणी असं जपलेलं नाही. पुढेही कुणी जपेल की नाही, कोण जाणे.

काल तुझ्या मृत्यूची नोंद करायला नगरपरिषदेत गेले. पप्पा म्हणाले, “तू जा. खिडकीत उभं राहून तिचं नाव सांगायला मला नाही जमणार.” खिडकीत साधारण आईच्या वयाच्या एक बाई होत्या. तुझं नाव, पत्ता, वय झालं. मग त्यांनी विचारलं, “माहिती देनाऱ्याचं नाव?”

“अचियेंग.”

“आँ?”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “तुमीच लिहा, बाई.” मी लिहिलं. मयताशी नाते, भाची, हेही मीच लिहिलं. त्यांनी कागद फिरवून वाचला.

“कुटलं ओ हे?”

“केनियातलं.”

“अर्थ काय म्हनायचा?”

नेहमीचं उत्तर ओठांवर होतं. ते दिलं असतं की त्या “असं होय” म्हणाल्या असत्या आणि मी सुटले असते. मागे रांग होती.

“एका बाईचं नाव आहे,” मी म्हणाले.

“तुमच्या कोन त्या?”

मी तुझ्या नावावर बोट ठेवलं. “या माझ्या आत्या. त्यांची मैत्रीण होती. ती गेल्यावर तिचं नाव मला दिलं.” आणि मग मला थांबता येईना. मूल रडायचं थांबलं नाही की तिकडे काय करतात ते मी सांगितलं. पेटीचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं. मागून एक जण म्हणाला, “ताई, आटपा, आमालाबी दाखला न्यायचाय.” बाई त्याच्यावर ओरडल्या, “थांबा ओ, मयत झालंय त्यांच्याकडं. बोलू द्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मग? थांबली का पोर?”

“थांबले,” मी म्हणाले.

त्यांनी शिक्का मारला, पण कागद लगेच दिला नाही. तुझ्या नावाकडे बघत होत्या. “म्हंजे आता यांचंबी नाव कुनाला तरी द्याया चालंल,” त्या म्हणाल्या. कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तो अर्ज मी पाठवलेला नाही. पुण्याच्या कंपनीला कागद गेले ते याच नावानं. पहिल्या दिवशी तिथे कुणीतरी थांबेल, माझ्या केसांकडे बघेल आणि तीन प्रश्न विचारेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता लांबलचक झालंय. मला भीती वाटतेच, ती गेली असं नाही.

नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर उभं राहून मी आईला फोन केला. तिला म्हटलं, ती नावं सांग, त्या दिवशी आत्यानं घेतली तशी, क्रमानं. आई म्हणाली, आत्ता? मी म्हटलं, आत्ताच. ती सांगत गेली, सोनाबाईपासून, मधे अडत, आठवत, एखादं मागचं पुढे करत. मी दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. शेवटी ती अचियेंग म्हणाली आणि गप्प झाली.

मग पुढचं नाव मी घेतलं.